गोळीची निवड : वेग, वारा आणि गिरकी

पॅरिस येथे २०२४ साली झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्यानंतर शाळाशाळांतून नेमबाजीविषयी बरीच चर्चा झाली. अशाच एका कार्यक्रमात अकरावीतील एका विद्यार्थिनीने आम्हांला विचारले, "गोळी जितकी वेगवान, तितका तिला वाऱ्यात राहण्याचा वेळ कमी. मग हे नेमबाज सर्वांत वेगवान गोळी का वापरत नाहीत?"

प्रश्न चोख होता. आम्ही दिलेले उत्तर मात्र चोख नव्हते. वेगवान गोळीने खांद्याला धक्का जास्त बसतो, असे काहीतरी सांगून आम्ही वेळ मारून नेली. घरी येऊन गणित मांडले तेव्हा ध्यानात आले, की त्या मुलीच्या प्रश्नातले पहिले वाक्यच तपासून पाहायला हवे होते. वारा गोळीला किती ढकलतो, हे ती वाऱ्यात किती वेळ राहते यावर ठरत नाही.

वाऱ्याचा हिशेब

वारा आडवा वाहत असेल तर तो गोळीच्या कुशीवर दाब देऊन तिला ढकलतो, असे चित्र आपल्या मनात असते. ते बरोबर नाही. नीट गिरकी घेणारी गोळी आपले टोक समोरून येणाऱ्या हवेकडे वळवते. गोळीच्या दृष्टीने हवा अगदी नाकासमोरून येत नाही, तर आडव्या वाऱ्यामुळे किंचित तिरपी येते. त्यामुळे हवेचा रोधही किंचित तिरपा लागतो, आणि त्याचा जो लहानसा आडवा घटक असतो तोच गोळीला बाजूला नेतो. म्हणजे बाजूला सरकणे हे रोधाचेच अपत्य आहे. रोध नसेल तर सरकणेही नाही.

यावरून एक सोपे सूत्र मिळते. दिदियों या फ्रेंच तोफशास्त्रज्ञाच्या नावाने ते एकोणिसाव्या शतकापासून ओळखले जाते. लक्ष्यापर्यंत पोहोचायला गोळीला प्रत्यक्ष लागलेला वेळ घ्या. त्यातून, सुरुवातीचा वेग शेवटपर्यंत टिकला असता तर लागला असता तो वेळ वजा करा. या वजाबाकीला आपण 'उशीर' म्हणू. वाऱ्याचा आडवा वेग गुणिले उशीर, म्हणजे गोळीचे बाजूला सरकणे.

ऑलिंपिकमधील ५० मीटरच्या रायफलीची गोळी सुमारे ३२५ मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटते. तिचा उशीर सहा हजारांश सेकंद धरला आणि वारा ४ मीटर प्रतिसेकंद असला, तर ती २४ मिलिमीटर सरकेल. या लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते! (दिवाळीतला बाण हे सूत्र उलट बाजूने पटवतो. तो जळत असताना त्याचा वेग वाढत जातो, म्हणून त्याचा उशीर ऋण असतो; आणि तो वाऱ्याबरोबर न जाता वाऱ्यावर चालून जातो.)

आता त्याच मापाचे, पण गोळीला ३८० मीटर प्रतिसेकंद वेग देणारे काडतूस घेतले तर? हवेत ध्वनीचा वेग सुमारे ३४० मीटर प्रतिसेकंद असतो. या वेगाच्या आसपास गोळीच्या पुढे हवेचे आघात-तरंग तयार होऊ लागतात आणि रोध एकदम चढतो. ३८० ने सुटलेली गोळी नेमकी या चढावर सापडते. ती लवकर पोहोचते खरी, पण तिचा वेग भराभर गळतो, म्हणून तिचा उशीर जास्त असतो आणि वारा तिला अधिक सरकवतो. ५० मीटरच्या स्पर्धेची काडतुसे ध्वनीपेक्षा मुद्दाम मंद ठेवतात, त्याचे एक कारण हे आहे.

या काडतुसात निवड करायला नेमबाजाला फारसा वाव नसतो. पेट घेणारे मिश्रण पुंगळीच्या कडेत कारखान्यातच भरलेले असते, त्यामुळे ते हाताने भरता येत नाही. नेमबाज एवढेच करतो, की कारखान्यातल्या निरनिराळ्या खेपांची काडतुसे आपल्या रायफलीतून झाडून पाहतो आणि जी खेप सर्वांत जवळजवळ छिद्रे पाडेल ती विकत घेतो.

हाताने भरलेली काडतुसे

लांब पल्ल्याच्या स्पर्धांची गोष्ट वेगळी. अमेरिकेत ओहायोतील कॅम्प पेरी, इंग्लंडमध्ये बिस्ली, अशा मैदानांवर १००० यार्डांपर्यंत, म्हणजे ९१४ मीटरपर्यंत, सामने होतात. तेथे मोठ्या मापाची काडतुसे लागतात आणि अनेक नेमबाज ती स्वतः भरतात. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवता येत नाहीत. आम्हीही येथे काडतूस भरण्याची कृती देणार नाही. आपल्याला हवे आहे ते त्यामागचे यंत्रशास्त्र.) काडतुसाचे भाग चार : पितळी पुंगळी, ठिणगी देणारा प्रायमर, दारू आणि गोळी. यांपैकी पहिल्या तिघांचे काम नळीतच संपते. लक्ष्यापर्यंतचा प्रवास एकटी गोळी करते, म्हणून तिच्या निवडीला एवढे महत्त्व.

गोळीचे वजन 'ग्रेन' या एककात सांगतात. आपल्या सोनाराची गुंज म्हणजे जवळजवळ दोन ग्रेन. लांब पल्ल्याच्या सामन्यांतील एक जुने माप .३०८ इंच, म्हणजे ७.८२ मिलिमीटर व्यासाचे. या व्यासाची १५५ ग्रेनची गोळी दहा ग्रॅमांची होते. ती ९०० मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटली, तर वेग न घटता ९१४ मीटर जायला तिला १.०२ सेकंद लागले असते. प्रत्यक्षात सुमारे १.५३ सेकंद लागतात. उशीर अर्धा सेकंद झाला. तोच ४ मीटरचा वारा आता तिला दोन मीटर बाजूला नेतो. अमेरिकेतील या पल्ल्याच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ २० इंच, म्हणजे ५१ सेंटिमीटर व्यासाचे असते. वाऱ्याचा अंदाज एक मीटर प्रतिसेकंदाने चुकला, तरी गोळी वर्तुळाबाहेर गेली.

उशीर कमी करायचा तर रोधाने होणारी वेगघट कमी करायला हवी. त्यासाठी त्याच व्यासात अधिक वस्तुमान हवे आणि आकार निमुळता हवा : लांब टोकदार नाक, आणि होडीच्या मागच्या भागासारखी निमुळती शेपटी. दोन्हींचा अर्थ एकच, गोळी लांब हवी. आणि लांब गोळी म्हटली, की गिरकीचा प्रश्न आलाच.

हवी तेवढीच गिरकी

बाणाला मागे पिसे असतात, म्हणून हवेचा दाब त्याच्या गुरुत्वमध्याच्या मागे पडतो आणि बाण सरळ राहतो. गोळीचे उलटे आहे. तिच्यात शिसे मागच्या जाड भागात जास्त, म्हणून गुरुत्वमध्य मागे. हवेचा दाब मात्र निमुळत्या नाकाकडे, पुढे. सोडून दिली तर हवा तिला कोलांटी खायला लावेल. वर्गात दाखवायचे असेल तर बॅडमिंटनचे फूल पिसांकडून पुढे फेकून पाहावे. ते लगेच उलटते आणि बूच पुढे करते.

गोळी उलटू नये म्हणून नळीच्या आत पीळ असलेल्या खाचा कोरलेल्या असतात. त्यांत घुसून जाताना गोळी गिरकी घेते आणि भोवऱ्यासारखी आपला अक्ष टिकवते. भोवऱ्याला गुरुत्वाकर्षण पाडू पाहते, गोळीला हवा. लांब गोळीला उलटवण्याची हवेची तरफ मोठी, म्हणून तिला गिरकीही जास्त हवी.

ही गोष्ट सर्वांत ठळकपणे दाखवली ती जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रनिर्मात्याने. १८५७ च्या काडतुसांमुळे आपल्याला परिचित झालेली एन्फील्ड रायफल .५७७ इंच मापाची होती, आणि तिच्या खाचा ७८ इंचांत एक फेरा घेत. व्हिटवर्थने गोळीचे वजन तेवढेच, ५३० ग्रेन ठेवले, पण व्यास .४५१ इंचांवर आणला. साहजिकच गोळी लांब झाली; मग त्याने पीळ २० इंचांत एक फेरा इतका आवळला. लांब पल्ल्यावर त्याच्या रायफलीने एन्फील्डला सहज मागे टाकले. विंबल्डन येथे २ जुलै १८६० रोजी व्हिक्टोरिया राणीने ज्या रायफलीने सामन्यांचे उद्घाटन केले ती व्हिटवर्थचीच होती. ती चौकटीवर घट्ट बसवली होती. राणीने फक्त दोरी ओढली. टेनिसमुळे विंबल्डनचे जुने नेमबाजीचे मैदान आता कोणाच्या लक्षात नाही.

किती पीळ हवा, याचे सूत्र वुलिच येथील गणिताचे प्राध्यापक जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये काढले. गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या किती पट आहे ते पाहा. १५० ला त्या संख्येने भागा. येईल तितक्या व्यासांच्या अंतरात खाचेने एक फेरा घ्यावा. आपली १५५ ग्रेनची गोळी २९ मिलिमीटर लांब धरू. ती व्यासाच्या ३.७ पट झाली. १५० ला ३.७ ने भागले की ४०.५ व्यास, म्हणजे सुमारे ३२ सेंटिमीटर. वेग फार असेल तर १५० ऐवजी १८० घेण्याचा प्रघात आहे. मग उत्तर ३८ सेंटिमीटर येते. या गोळीसाठी नेमबाज १३ इंच, म्हणजे ३३ सेंटिमीटरचा पीळ पसंत करतात. डॉन मिलर यांनी २००५ मध्ये यापेक्षा चांगले सूत्र दिले, त्यात वस्तुमान, वेग आणि हवेची घनता यांचाही विचार आहे. तरी वर्गात फळ्यावर मांडायला ग्रीनहिलच बरे.

येथे चलाख विद्यार्थी विचारील : पीळ सरळ २५ सेंटिमीटरचा का ठेवू नये? गिरकी जास्त झाली तर बिघडते कुठे?

बिघडते, आणि कसे ते पाहण्यासारखे आहे. कितीही काळजीने बनवलेली गोळी अगदी निर्दोष नसते. तिचा गुरुत्वमध्य भौमितिक अक्षापासून अगदी थोडा, समजा मिलिमीटरचा शंभरावा भाग, बाजूला असतो. नळीत असेपर्यंत गोळीला भौमितिक अक्षाभोवतीच फिरावे लागते, म्हणून गुरुत्वमध्य त्या अक्षाभोवती छोटे वर्तुळ काढत पुढे जातो. नळीच्या तोंडाबाहेर पडताक्षणी बंधन सुटते. दोरीला बांधून फिरवलेला दगड दोरी तुटल्यावर स्पर्शरेषेने जातो, तसाच गुरुत्वमध्य त्या क्षणी स्पर्शरेषेच्या दिशेने निघतो.

किती वेगाने? ९०० मीटर प्रतिसेकंद वेग आणि ३३ सेंटिमीटरला एक फेरा, म्हणजे सेकंदाला सुमारे २,७०० फेरे. मिनिटाचा हिशेब केला तर दीड लाखाच्या वर. ०.०१ मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर ही गती १७ सेंटिमीटर प्रतिसेकंद होते. याला पुढच्या गतीने भागले तर दर शंभर मीटरला १.९ सेंटिमीटर, आणि ९१४ मीटरवर १७ सेंटिमीटर चूक! दहाच्या वर्तुळाची त्रिज्या २५ सेंटिमीटर आहे. तिच्यापैकी दोनतृतीयांश या एका शंभराव्या भागाने खाल्ली. कोणत्या दिशेला, ते नळीबाहेर पडताना गुरुत्वमध्य वर्तुळाच्या कोणत्या बिंदूवर होता यावर अवलंबून. म्हणजे नेमबाजाच्या हाती काही नाही.

विद्यार्थ्यांकडून हे बीजगणिताने करवून घ्यावे. त्यांना आढळेल, की गोळीचा वेग समीकरणातून निघून जातो. चुकीचा कोन म्हणजे २π गुणिले गुरुत्वमध्याचे अंतर भागिले पिळाची लांबी, बस्स. पीळ ३३ ऐवजी २५ सेंटिमीटरचा केला तर तीच गोळी १७ ऐवजी २३ सेंटिमीटर चुकेल. म्हणून गिरकी हवी तेवढीच, आणि वर थोडी राखीव. गोळी निवडणे म्हणजे आधी आपल्या नळीचा पीळ मोजणे आहे. नळी एकदा बसवली की ती बदलणे खर्चाचे. त्या मानाने गोळी बदलणे सोपे.

गोळीचे बूड

अमेरिकेतील फ्रँकलिन मान हे शिक्षणाने वैद्य. पण आयुष्याची बरीच वर्षे त्यांनी गोळी कुठे आणि का चुकते हे शोधण्यात घालवली. मॅसॅच्युसेट्समधील मिलफर्ड येथे त्यांनी नळी बसवण्यासाठी काँक्रीटचा भक्कम ओटा बांधला आणि त्याला 'जिब्राल्टर' असे नाव दिले. नेमबाजाचा हातच त्यांनी प्रयोगातून काढून टाकला. मग त्यांनी मुद्दाम गोळ्या बिघडवल्या : कधी टोक, कधी बूड. १९०९ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी नोंदवले आहे, की टोक बिघडलेल्या गोळ्या फारशा भटकत नाहीत, बूड वाकडे असलेल्या भटकतात. कारण नळीतून बाहेर पडताना मागचे वायू बुडाच्या कडेने निसटतात. कड एकसारखी नसेल तर ते गोळीला एका बाजूने ढकलतात.

स्पर्धेच्या गोळीचे टोक उघडे का असते, त्याचे उत्तर यातच आहे. तांब्याच्या मिश्रधातूची एका बाजूने बंद अशी टोपी घेऊन शिसे उघड्या तोंडाने आत बसवतात आणि ते तोंड ओढून निमुळते करतात. बंद बाजू बुडाकडे येते, गुळगुळीत आणि एकसारखी. शेवटी टोकाला बारीक भोक उरते. सैन्याच्या साध्या गोळीत हीच रचना उलटी, टोक बंद आणि बूड उघडे. स्पर्धेच्या गोळीचे ते भोक केवळ बनवण्याच्या पद्धतीमुळे राहिलेले असते.

तीनशे मीटरची गोळी हजार यार्डांवर

आता एक खरी घडलेली गोष्ट. सिएरा या अमेरिकन कंपनीची .३०८ मापाची १६८ ग्रेनची गोळी ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी तयार केलेली. त्या पल्ल्यावर ती इतकी अचूक ठरली, की नेमबाजांनी तिला सर्वत्र नेले, हजार यार्डांवरसुद्धा. तेथे काही वेळा विचित्र प्रकार दिसू लागला : लक्ष्यावर गोल छिद्राऐवजी कुलपाच्या भोकासारखे लांबट छिद्र. गोळी आडवी होऊन आली होती. काही तर लक्ष्यावर आल्याच नाहीत.

रायफल तीच, पीळ पुरेसा, मग झाले काय? गोळीची गिरकी तिच्या पुढच्या वेगापेक्षा फार सावकाश घटते, म्हणून दूर गेल्यावर भोवऱ्यासारखे स्थैर्य उलट वाढलेले असते. पण स्थैर्याचा आणखी एक प्रकार आहे. गोळीचे टोक नळीतून सुटताना किंचित डुलते. ते डुलणे विझत जाते की वाढत जाते? ही गोळी सुमारे ७९० मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटली, तर ९१४ मीटरपर्यंत जाताजाता तिचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ येतो. तेथे आघात-तरंग गोळीच्या अंगावर जागा बदलतात आणि शेपटीवरचे बल पालटते. या गोळीची शेपटी १३ अंशांनी निमुळती केली होती. इतक्या तीव्र उतारावर या वेगात हवेचा प्रवाह नीट चिकटून राहत नाही आणि डुलणे विझण्याऐवजी वाढते. अमेरिकेतील ॲबर्डीन येथील प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅकॉय यांनी १९८८ मध्ये अशा स्पर्धेच्या गोळ्यांचे वायुगतिक गुणधर्म मोजून प्रसिद्ध केले. त्याच कंपनीच्या १७५ ग्रेनच्या गोळीची शेपटी ९ अंशांची आहे. ती हा टप्पा नीट पार करते.

१६८ ग्रेनच्या गोळीत दोष नव्हता. तिला ज्या पल्ल्यासाठी घडवले तेथे ती ध्वनीच्या वेगापासून कितीतरी वर असते. आजही ३०० मीटरवर ती उत्तमच आहे. दोष होता तो जाहिरातीतला एक आकडा पाहून गोळी निवडण्यात. हवेचा रोध कितपत जाणवतो हे सांगणारा जो 'बॅलिस्टिक गुणांक' डब्यावर छापतात, त्यात डुलण्याचा मागमूस नसतो. शिवाय तो गुणांक एकोणिसाव्या शतकातील आखूड, सपाट बुडाच्या गोळ्याशी तुलना करून काढण्याची रूढी अजून चालू आहे; निमुळत्या शेपटीच्या गोळीसाठी वेग बदलला की तो आकडाही बदलतो.

पाल्मा चषकाचे आंतरराष्ट्रीय सामने १८७६ पासूनचे. ते ८००, ९०० आणि १००० यार्डांवर होतात आणि त्यांत .३०८ ची गोळी १५६ ग्रेनपेक्षा हलकी असावी, असे बंधन आहे. वजनाची वाट बंद केल्यामुळे निवड उरते ती आकाराची आणि एकसारखेपणाची. हलकी गोळी जास्त वेगाने सोडता येते आणि हजार यार्ड ओलांडेपर्यंत ध्वनीच्या वर राहते, एवढेच पाहायचे.

काही नेमबाज प्रत्येक गोळी तराजूत घालून निवडतात. आमच्या मते त्यात श्रम फार आणि लाभ थोडा. वजनात ०.२ टक्के फरक पडला तर वेगात ०.१ टक्का पडेल. हजार यार्डांवर गोळी सुमारे नऊ मीटर खाली येते. त्यात फरक जेमतेम दोन सेंटिमीटर. त्यापेक्षा बुडापासून खाचांना टेकणाऱ्या भागापर्यंतची लांबी मोजून गोळ्या वेगळ्या करणे अधिक उपयोगी, कारण त्यावर गोळी खाचांपासून किती दूर बसते हे ठरते.

गोळी झाडून पाहणे

शेवटी दोन-तीन प्रकारच्या गोळ्या उरतात आणि त्या झाडून पाहाव्या लागतात. येथे संख्याशास्त्र फसवते. नेमबाज तीन गोळ्या झाडतो, छिद्रे जवळजवळ पडली की खूश होतो. पण रायफल आणि गोळ्या तशाच ठेवून तीनऐवजी पाच गोळ्या झाडल्या, तर सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधील सरासरी अंतर सव्वापटीहून थोडे जास्त वाढते. दहा झाडल्या तर दीडपटीहून जास्त. तीन गोळ्यांच्या एकाच चाचणीवरून 'ही गोळी त्या गोळीपेक्षा चांगली' म्हणणे म्हणजे नाणे तीनदा उडवून ते खोटे ठरवण्यासारखे आहे.

हे वर्गात रायफलीवाचून करता येते. जमिनीवर आलेख-कागद पसरावा, त्याच्या मध्यावर खूण करावी, आणि मुलांनी टेबलावर उभे राहून चिंचोके एकेक करून त्या खुणेवर सोडावेत. पहिला टप्पा जिथे पडेल तिथे दुसऱ्या मुलाने टिंब करावे. चिंचोका उसळतो, म्हणून कागदाखाली जाडसर सतरंजी घालणे बरे. वर्गाचे दोन गट करून एकाला 'नव्या गोळ्या' म्हणून आणि दुसऱ्याला 'जुन्या गोळ्या' म्हणून एकाच डब्यातले चिंचोके द्यावेत, आणि तीन-तीन टिंबांनंतर कोणत्या गोळ्या चांगल्या, असे विचारावे. मग वीस-वीस टिंबे होईपर्यंत थांबावे आणि तोच प्रश्न पुन्हा विचारावा.